संगणकाच्या पहिल्या वर्षीं मुलें काय शिकतात?

दरसाल मृगाच्या पेरण्या आणि बारावीनंतरचे कॉलेजप्रवेश एकाच सुमारास येतात. बियाण्याचा पैसा व मुलाच्या फीचा पैसा एकाच पेटींतून काढावा लागतो, आणि पुष्कळ घरीं अलीकडे तो दुसरा पैसा संगणकाच्या पदवीकडे जातो. बी घेतांना पिशवीवरील उगवणशक्तीचा आंकडा वाचणारा आमचा शेतकरी येथें मात्र कांहीं न विचारतां पैसे भरतो, याचें आम्हांस नवल वाटतें व वाईटहि वाटतें. म्हणून या शिक्षणाच्या पहिल्या वर्षीं मुलें काय शिकतात, व त्यांनीं काय शिकावयास पाहिजे, याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पत्र टाइप करणें, तक्ता भरणें, इंटरनेटवरून अर्ज पाठविणें या गोष्टी महिन्या-दोन महिन्यांत येतात. त्यांस कॉलेजचें वर्ष लागत नाहीं. ० आणि १ या दोनच अंकांत यंत्र सर्व आंकडे व अक्षरें कशीं साठवितें. एखादें काम लहान लहान पायऱ्यांत कसें फोडावें. आणि त्या पायऱ्या यंत्रास समजेल अशा भाषेंत कशा लिहाव्या, हा या अभ्यासाचा गाभा होय. आमच्याकडील कॉलेजांतून त्यासाठीं बहुधा सी ही भाषा शिकवितात. ती डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरींत तयार केली. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली पायथन ही भाषाहि आतां अनेक ठिकाणीं शिकवितात. भाषा कोणतीहि असो, मूळ क्रिया तीनच : एकामागून एक आज्ञा देणें, अट पाहून वाट बदलणें, व अट पुरी होईपर्यंत तेंच काम पुन्हा पुन्हा करणें. वाफसा आला तरच पेरावें, वाफा भरेपर्यंत पाणी धरावें, हें ज्याच्या घरीं नित्य चालतें त्या मुलास या क्रिया परक्या वाटण्याचें कारण नाहीं.

फरक एवढाच कीं, जुना गडी मालकाच्या मनांतलें ओळखतो, यंत्र ओळखीत नाहीं. एक तुकडा २ एकर २५ गुंठे व दुसरा १ एकर ३० गुंठे आहे असें समजूं. विद्यार्थ्यानें हे आंकडे २.२५ व १.३० असे लिहून बेरीज मागितली, तर यंत्र ३.५५ असें उत्तर देईल, व त्यांत यंत्राचा कांहींच दोष नाहीं. खरी बेरीज ४ एकर १५ गुंठे, हें शाळेंत न गेलेली आजीहि सांगेल. कारण ४० गुंठ्यांचा एकर हें तिच्या ध्यानांत आहे. विद्यार्थ्यानें आधीं सर्वांचे गुंठे करावे, बेरजेस ४० नें भागावें, भागाकार येईल ते एकर व बाकी राहील ते गुंठे, असें यंत्रास लिहून दिलें पाहिजे. आपल्यास ठाऊक असलेली गोष्ट एकहि पायरी न गाळतां सांगतां येणें, हीच या विद्येची पहिली परीक्षा.

दुसरा धडा रीतीचा. खातेदारांचीं १,००० नांवें अक्षरानुक्रमानें लाविलेलीं असलीं व प्रत्येक वेळीं मधलें नांव पाहून अर्धी यादी सोडून दिली, तर हवें तें नांव फार तर १० वेळां पाहून सांपडतें; क्रम नसेल तर हजारहि नांवें पाहावीं लागतील. यंत्र नवें घेऊन जें साधत नाहीं तें रीत सुधारून साधतें, हें मुलाला पहिल्याच वर्षीं कळावें.

आतां आमची तक्रार. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या जर्नलांत २५ प्रोग्रॅम सुवाच्य अक्षरांत उतरलेले होते; त्यांतील एका प्रोग्रॅमची एक ओळ बदलावयास सांगतांच तो गप्प बसला. ही पाठांतराची खोड जुनीच आहे. परंतु मागतांच प्रोग्रॅम लिहून देणारीं कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें हातीं आल्यापासून ती अधिक घातक झाली आहे. तीं साधनें वापरूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ३.५५ हें उत्तर चूक आहे हें ज्यास दिसत नाहीं, त्यास कोणतेंहि साधन तारणार नाहीं.

इंग्रजीची भीति हें दुसरें विघ्न. वास्तविक १९८९ सालीं प्रमाण ठरलेल्या सी भाषेंत राखीव शब्द अवघे ३२ आहेत. तेवढे शिकणें कठीण नाहीं. कठीण आहे तो विचार, आणि विचार मराठींत समजावून देण्यास कोणाचीहि हरकत नसावी. अध्यापकांनीं परक्या दुकानांचीं उदाहरणें कमी करून दूधसंकलन, पाणीपाळी, बाजारसमितीची पट्टी यांचीं उदाहरणें घ्यावीं, अशी आमची त्यांस विनंती आहे.

कोणी म्हणेल, हें शिकून मुलगा गांव सोडणारच, मग आम्हांस काय त्याचें? परंतु सातबारा आज संगणकावर निघतो, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणींत पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करतो. हीं कामें चालविणारे प्रोग्रॅम कोणीतरी लिहितोच. त्या लिहिणाऱ्यास बांध, सामाईक विहीर व आंतरपीक ठाऊक नसेल, तर त्याच्या चुकीचें फळ आम्हींच भोगावयाचें. आमच्या घरचीं मुलें तेथें बसणें यांत आमचें हित आहे.

तेव्हां शेतकरी बंधुभगिनींनीं दिवाळीच्या सुटींत घरीं आलेल्या मुलास किंवा मुलीस गुण विचारण्यापूर्वीं एवढेंच सांगावें : आपल्या सर्व तुकड्यांची एकर-गुंठ्यांत बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहून दाखीव, आणि त्याची प्रत्येक ओळ कशासाठीं आहे तें आपल्या भाषेंत समजावून दे. तें जमलें, तर फीचें बी उगवलें असें समजावें. न जमलें, तर दोष मुलाच्या माथीं मारून न थांबतां कॉलेजांत जाऊन शिक्षकांस भेटावें. दुबार पेरणीची वेळ निघून जाण्यापूर्वींच शेत पाहून यावें लागतें, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.