एका कॉइलसाठी चारांचा खर्च कशाला?

इंजिन थरथरते, चढाला गाडी ओढत नाही, म्हणून सर्वच इग्निशन कॉइल बिघडल्या असे होत नाही. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते. बॅटरीच्या १२ व्होल्टचे ती हजारो व्होल्ट करते. म्हणून आधी इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. संशयित कॉइल शेजारच्या कॉइलशी बदलून गाडी चालू करा. बिघाड तिच्यामागे गेला तर कॉइल खराब. जागीच राहिला तर प्लग तपासा.

मागची कॉइल इनटेक मॅनिफोल्डखाली असेल तर उघडी तोंडे कापडाने झाका; आत पडलेला नट इंजिन फोडतो. जोडताना कापड काढा, गॅस्केट नवे घाला. मगच उद्यमनगरात जाऊन एकच कॉइल मागा. पैसा घामाचा आहे.