कुंडीतली मिरची कोणत्या रकान्यात?

गेल्या महिन्यात एका सभासदाचं पत्र आलं. त्यांच्या रोपवाटिकेतून एका बाईंनी जांभळ्या मिरचीची कुंडी नेली होती. सहा इंची कुंडी, काळपट पानं, आभाळाकडे तोंड करून उभ्या चाळीसेक मिरच्या. काही जांभळ्या, काही पिवळ्या, दोन-चार लालभडक. चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. "भाऊ, यातल्या पाच-सहा मिरच्या आज आमटीच्या फोडणीत घातल्या. मुलांनीही खाल्ली. आणि आता कुंडीची चिठ्ठी वाचते तर 'केवळ शोभेसाठी'! काही होणार नाही ना?" विक्रीच्या आठच दिवस आधी त्या सगळ्या कुंड्यांना इमिडाक्लोप्रिडची आळवणी झाली होती. सभासद विचारतात, बाईंना काय सांगू?

हे पत्र लिहायला धैर्य लागतं. आपल्यातल्या बहुतेकांनी "नका खाऊ" म्हणून फोन ठेवला असता.

मुळात 'शोभेची मिरची' असं वेगळं झाड नाही. ज्वाला जी कॅप्सिकम ॲन्युअम, तीच ही. 'ब्लॅक पर्ल'ला २००६ साली अमेरिकेत बक्षीस मिळालं ते काळ्या पानांसाठी, 'न्यूमेक्स ट्वायलाइट' एकाच झाडावर चार रंग दाखवते, 'चिली चिली'सारखे वाण मुद्दाम बिनतिखट काढले. पण यातल्या कुठल्याही फळात स्वतःचं विष नाही. उभी फळं आणि घोस हीच शोभेची खूण मानायची, तर पुसा सदाबहारलाही फुलझाडांत बसवावं लागेल. या मिरचीत विष आलंच, तर ते आपल्या पंपातून येतं.

आणि पंपाला मोकळं रान दिलंय ते कागदाने. माझ्याच रोपवाटिकेचा अनुभव सांगतो. नोंदणीच्या अर्जात दोन रकाने होते: 'भाजीपाला रोपे' आणि 'शोभिवंत झाडे'. मी रंगीत मिरची पहिल्या रकान्यात लिहिली. खिडकीवरून प्रश्न सुरू झाले. वाण अधिसूचित आहे का? बियाण्याची पावती कुठाय? उगवणशक्तीचा दाखला? पावती नेली, तर पाकिटावर फुलझाडाचं चित्र आहे म्हणून अर्ज परत. तिसऱ्या खेपेला बियाण्याचं पाकीट, झाडाचा फोटो आणि एक कुंडीच घेऊन गेलो. टेबलावर ठेवलेल्या कुंडीतली एक मिरची तोडून दाखवली. "साहेब, ही मिरचीच आहे, चावून बघा." उत्तर आलं, "फुलझाडांत टाका ना, लगेच होईल." टाकली. एकही प्रश्न न विचारता शिक्का बसला.

या सोयीची किंमत बघा. १९६६चा बियाणे कायदा खाद्यपिकांच्या रोपांनाही 'बियाणे' धरतो. शोभेच्या झाडांना ते बंधन नाही. त्याहून गंभीर गोष्ट औषधाच्या लेबलावर आहे. मिरचीसाठी शिफारस असलेल्या औषधावर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, ते छापलेलं असतं. फुलझाड तोडून खायचंच नसतं, म्हणून तिथे दिवस मोजायचा प्रश्न येत नाही. म्हणजे तेच झाड, तीच पांढरी माशी, तेच औषध. पण एका रकान्यात दिवस मोजायचे आणि दुसऱ्या रकान्यात मोजायचे नाहीत. खाणाऱ्याचं पोट मात्र दोन्हीकडे एकच आहे. कृषी खात्याकडे आमची मागणी साधी आहे: अर्जात 'खाद्य-शोभिवंत' असा तिसरा रकाना घाला आणि त्याला भाजीपाल्याचेच औषधनियम लावा. हे लिहायला तज्ज्ञ समिती नको, एक ओळ पुरे.

पण खात्याला बोल लावून आपण सुटत नाही. दुसरा रकाना आपल्यालाही आवडतो. सोरतापवाडीपासून नाशिकपर्यंत कुठेही फिरा, रंगीत मिरचीच्या कुंड्या झेंडू-पिटुनियाच्या ओळीतच असतात, आणि त्यांच्याबरोबरच औषध पितात. ठेंगणी, गच्च दिसावी म्हणून पॅक्लोब्युट्राझोल. ते मातीत किती दिवस राहतं, हे आंबेवाल्यांना विचारा. चुरडा-मुरड्याची धास्ती मला कळते. विषाणू एकदा शिरला की औषध नाही, घोस लागलेली कुंडी आठवड्यात भंगार होते. म्हणूनच पहिल्या दिवसापासून चाळीस मेशची जाळी, पिवळे-निळे चिकट सापळे, निंबोळी अर्क, आणि आकसलेलं रोप दिसताक्षणी उपटून जाळणं, एवढं तरी करा. शेंडा दोनदा खुडला तरी झाड भरतं, त्याला वाढनिरोधक लागत नाही. मुळाशी आंतरप्रवाही औषध ओतणं हा आळस आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या ताटात उतरतो.

आणखी एक घोळ. थंड हवेच्या भागात सोलॅनम स्यूडोकॅप्सिकमच्या कुंड्या याच मांडवात ठेवतात. गोल, शेंदरी, गोंडस फळं. ती खरोखर विषारी आहेत. गोल फळांच्या मिरचीशेजारी ही कुंडी आणि दोन्हींवर 'शोभेची' एवढीच चिठ्ठी, हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. तो आजच्या आज थांबला पाहिजे.

गिऱ्हाईक ही मिरची खाणारच आहे. घरात मिरचीचं झाड आलं की मराठी माणूस ठेचा करणारच. मग त्याला नीट सांगा तरी. मी गेल्या हंगामात चार वाण करून पाहिले. लोखंडी तव्यावर जांभळी मिरची लसूण-मीठ घालून परतली, तर दोन मिनिटांत रंग उडून मळकट हिरवी झाली. तो रंग अँथोसायनिनचा, उष्णतेत टिकत नाही. तीच मिरची उभी चिरून लिंबाच्या रसात, मिठात मुरवली, तर तिसऱ्या दिवशी बरणीतला रस गुलाबी झाला आणि वरणभाताबरोबर ती बरणी आठवड्यात संपली. आंबटात हा रंग खुलतो. चवीचं खरं सांगायचं तर बहुतेक वाणांत तिखटपणा झणझणीत, पण वास नाही. गर पातळ, बिया फार. कांडपाला ही मिरची देऊ नये, तिथे ब्याडगी-संकेश्वरीच हवी. लोणचं, कोशिंबीर, चिवड्याची फोडणी, इथे ती शोभते. बी धरणाऱ्यांनी शेजारच्या ज्वालेपासून प्रमाणित बियाण्याचं २०० मीटरचं अंतर पाळावं, नाहीतर पुढच्या वर्षी ना रंग, ना चव.

तिसरा रकाना येईल तेव्हा येईल. तोवर चिठ्ठी आपल्या हातात आहे. वाणाचं नाव, तिखट की बिनतिखट, शेवटचं औषध कोणतं आणि कोणत्या तारखेला, कोणत्या तारखेपासून खायला चालेल. चार ओळी, बॉलपेनने लिहिल्या तरी चालतील. ज्यांना तारीख लिहायची लाज वाटेल, त्यांनी ती कुंडी विकू नये. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात आपल्या सभासदांची एकही रंगीत मिरची या चार ओळींशिवाय दिसू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणि पत्र लिहिणाऱ्या सभासदांना: बाईंना आजच फोन करा. औषधाचं नाव आणि तारीख खरीखरी सांगा, डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगा, झाडावरच्या उरलेल्या मिरच्या खाऊ नका म्हणावं. कुंडी स्वतः जाऊन परत आणा आणि आळवणी न झालेलं दुसरं रोप त्यांच्या हातात द्या, चिठ्ठी लिहून.