सर्व्हर जवळ यावा, पण कोणाचा?

19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना चालू असताना हॉटस्टारवर एका क्षणी 5.9 कोटी प्रेक्षक होते. एवढी गर्दी त्या यंत्रणेने पेलली, हे मोठंच काम. आणि तरीही नागपूरजवळच्या वानाडोंगरी, डिगडोह, इसासनीकडच्या घरांत रात्री नऊच्या सुमाराला साधी मालिका लावली तरी पडद्यावर चाक फिरायला लागतं. ‘शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतला, तरी अटकून राहिलं’ ही तक्रार हिंगणा रोडला नवी नाही. त्यावर दोन उपाय ऐकू येतात. एक म्हणजे याहून मोठा प्लॅन घ्या. दुसरा म्हणजे सर्व्हर मुंबईत बसलेत, ते विदर्भात आणा. पहिल्यात बहुतेकदा पैसे वाया जातात. दुसरी मागणी रास्त आहे, पण तिची दुसरी बाजूही पाहायला हवी.

आधी अंतराचा हिशेब करू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत 701 किलोमीटर आहे. तेवढं अंतर प्रकाश साडेतीन मिलिसेकंदांत कापतो, जाऊन-येऊन सात. केबल सरळ जात नाही, मधली यंत्रंही वेळ खातात, असं धरलं तरी मुंबईची फेरी पंचवीस-तीस मिलिसेकंदांत व्हायला हरकत नसते. तेवढ्याने चाक फिरत नाही.

अमेरिकेतल्या सर्व्हरचं तसं नाही, ती फेरी 200 मिलिसेकंदांवर जाते. जुन्या पद्धतीच्या जोडणीत पोच मिळेपर्यंत एका वेळी 64 किलोबाइटच पाठवता येत. मग 200 मिलिसेकंदांच्या फेरीत फार तर 2.6 एमबीपीएस मिळणार, लाइन कितीही मोठी असो. फेरी 25 मिलिसेकंदांची असेल तर तोच आकडा 20 च्या वर जातो. ही मर्यादा पुढे दूर झाली, पण मूळ अडचण राहिली. वाटेत डेटाचं एखादं पॅकेट गळलं की ते परत मागवायला एक अख्खी फेरी जाते, आणि फेरी जितकी लांब तितकी भरपाई उशिरा. म्हणजे अंतर एकटं फारसं छळत नाही, गळतीची जोड मिळाली की छळतं.

ही गळती होते कुठे? कधी घरातच. एमआयडीसीतल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या एकमेकींना लागून असतात, खोलीगणिक राउटर, आणि 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या आड न येणारे चॅनल जेमतेम तीन. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर टाकून बघावी. चाक थांबलं तर दोष मुंबईचाही नाही आणि केबलवाल्याचाही नाही.

वायर टाकूनही दुपारी सुरळीत आणि रात्री नऊला अडखळत चालत असेल, तर दुखणं केबलवाल्याच्या वरच्या, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या लाइनीत आहे. एचडी चित्राला साधारण 5 एमबीपीएस लागतात. 200 घरांत एकच सामना लागला की 1,000 एमबीपीएस झाले, म्हणजे एकच चित्र 200 वेळा मुंबईहून ओढून आणायचं. त्याची एक प्रत नागपुरात ठेवून तिथून वाटली, तर निरनिराळ्या दर्जांच्या सगळ्या प्रती मिळूनही वरच्या लाइनीवर वीस-पंचवीस एमबीपीएसचा भार पडतो. कॅशे सर्व्हर हेच काम करतो. नेटफ्लिक्स 2012 पासून असे डबे इंटरनेट कंपन्यांना फुकट देते, गूगलचीही तशी योजना आहे. फायदा इतका उघड आहे की विरोध कोण करणार, असं वाटावं.

विरोधाचा मुद्दा आहे, आणि तो वजनदार आहे. हे डबे ठरावीक किमान वाहतूक असलेल्या कंपनीलाच मिळतात. हिंगण्यातला पाच-सातशे जोडण्यांचा केबलवाला त्यात बसत नाही. शिवाय डब्यात राहतं ते फक्त त्या-त्या कंपनीचं. वैदर्भीय नाटकाचं थेट प्रक्षेपण करणारी मंडळी किंवा एखादं छोटं मराठी चॅनल मुंबईहूनच किंवा त्याहून लांबून येत राहणार. फेब्रुवारी 2016 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने भेदभावाच्या डेटा दरांना बंदी केली, तेव्हा आपण सगळ्यांनी तिचं स्वागत केलं. पण नोव्हेंबर 2017 च्या नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशींत अशा वितरण जाळ्यांना त्या बंधनांतून वगळलं, आणि 2018 मध्ये सरकारने ते मान्य केलं. कारण चुकीचं नव्हतं. कॅशे कोणाला अडवत नाही, उलट मोठ्यांची गर्दी वरच्या लाइनीवरून हटते आणि छोट्यांना वाट मोकळी होते. मात्र मोठी चार ॲप नीट चालली की ग्राहक गप्प बसतो आणि वरची लाइन वाढवायची निकड संपते. मग उरलेल्यांची रांग तशीच राहते. मला ही भीती खरी वाटते.

म्हणून कॅशे यावा, पण सामायिक जागी. नागपुरातल्या लहानमोठ्या सगळ्या सेवादारांनी निक्सीसारख्या तटस्थ एक्स्चेंजवर एकमेकांशी जोडून घ्यावं. ही ना-नफा संस्था 2003 मध्ये देशातली वाहतूक देशातच फिरावी यासाठी उभी राहिली. कॅशे तिथे असेल तर हिंगण्याच्या केबलवाल्यालाही तो मिळेल, आणि छोट्या चॅनललाही भाड्याने जागा घेता येईल. खर्च आहेच. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत यंत्रं थंड ठेवायची, वीज गेली तर बॅकअप हवा. म्हणून तर प्रत्येकाने वेगळी खोली थाटण्यापेक्षा एकत्र येणं परवडतं.

तोवर प्लेअरमधला साठा वाढवणं हा एक मार्ग उरतो. छतावरची टाकी मोठी असली की नळाचा खंड जाणवत नाही, तसंच हे. सिनेमाला तो उत्तम, सामन्याला महाग. सहा सेकंदांचे तीन तुकडे साठवून चालायचं म्हटलं की चित्र अठरा सेकंद मागे पडतं, आणि डिशवाल्या शेजाऱ्याच्या घरातून विकेटचा आरडाओरडा आधी येतो. दर्जा उतरवणं हा दुसरा मार्ग. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या वेळी स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाइल जाळ्यावर 14 एप्रिलपर्यंत 480पी वरच थांबायचं मान्य केलं होतं आणि लोकांनी ते चालवून घेतलं. अडखळणाऱ्या एचडीपेक्षा सलग 480पी बरं, असं माझं मत. मात्र सेवादाराने हे परस्पर ठरवू नये, निवड प्रेक्षकाची असावी.

वरच्या लाइनीबद्दल नवा कायदा मागायचीही गरज नाही. ट्रायच्या 2006 च्या ब्रॉडबँड सेवा-दर्जा नियमांतच गर्दीच्या वेळी लाइन 80 टक्क्यांच्या आत भरलेली असावी असं म्हटलं होतं. भार 90 टक्क्यांवर गेला तर एका महिन्याच्या आत क्षमता वाढवायची होती. रात्री नऊला लाइन किती भरते हे सेवादाराच्या यंत्रावर रोज दिसतं. तो आकडा दर महिन्याच्या बिलावर, प्लॅनच्या एमबीपीएसशेजारी छापून मिळावा, एवढी मागणी हिंगण्याच्या ग्राहकांनी आजपासून करायला हवी.