फोटोंची गोधडी विकताय? मग आधी स्वतःची मजुरी लिहा!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फोटोंची गोधडी पाहिली. आजीचं जुनं लुगडं, आईची साडी, बाबांचा शर्ट, आणि मधल्या चौकोनांत घरच्यांचे फोटो. बघताच कुणीही म्हणेल, "मला पण हवी!" पण व्हिडिओत एक गोष्ट राहिली. ती थोडी कडू आहे, म्हणून इथे निवांत सांगतो.

माझ्या वर्गातल्या एका ताईंनी अशी गोधडी शिवली. बारा फोटो, साधारण 4 बाय 6 फूट, सगळा धावदोरा हाताने. गिऱ्हाईक खूश. किंमत घेतली 1800 रुपये. अस्तर, दोरा, फोटोंची छपाई मिळून खर्च 1150. हातात राहिले 650. मी विचारलं, "ताई, तास किती लागले?" त्यांनी कधी मोजलेच नव्हते. मग बसून हिशेब केला, तर निघाले सत्तर तास. म्हणजे तासाला साडेनऊ रुपयेसुद्धा नाहीत! त्याच गिऱ्हाइकाने दुसरी गोधडी मागितली, तेव्हा ताई म्हणाल्या, "नको बाई, बोटं दुखतात." ऑर्डर दारात उभी आणि धंदा बंद.

माझं मत स्पष्ट आहे. हा धंदा गिऱ्हाईक नाही म्हणून बुडत नाही, आपण स्वतःची मजुरी शून्य धरतो म्हणून बुडतो.

समजा, तासाला फक्त 60 रुपये धरले. सत्तर तासांचे झाले 4200. त्यात साहित्याचे 1150, पॅकिंग आणि कुरिअरचे 250. बेरीज 5600. त्यावर 15 टक्के नफा, म्हणजे 840. किंमत झाली 6440. "एवढे कोण देणार?" असं लगेच म्हणू नका. बाजारात फोटो छापलेलं ब्लँकेट स्वस्तात मिळतं, हे खरं. पण त्यात आजीचं लुगडं नसतं. ज्याला फक्त फोटो हवाय त्याला ते ब्लँकेट घेऊ द्या, तो आपला गिऱ्हाईक नाहीच. आणि ज्याचं बजेट कमी आहे, त्याच्यासाठी चार फोटोंची भिंतीवर लावायची छोटी गोधडी ठेवा. दर कमी करायचा नाही, माप कमी करायचं.

पण मंडळी, पूर्ण दर मागायचा तर काम पण तसंच चोख पाहिजे.

छपाई: मगवर फोटो छापणाऱ्याकडे सहसा सब्लिमेशन असतं. ते पॉलिएस्टरवर चालतं, सुती कापडावर टिकत नाही. ट्रान्सफर पेपरचा फोटो सुतीवर बसतो, पण तो भाग कडक होतो आणि धुऊन धुऊन तडकू शकतो. शक्यतो सुती कापडावर थेट डिजिटल छपाई करून घ्या. नमुना तीनदा धुवा, मगच ऑर्डर घ्या.

कापड: जुन्या साड्यांचा रंग जातो. आधी धुऊन बघा, नाहीतर लाल काठ बाबांच्या फोटोवर उतरायचा!

फोटो: व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दबून येतो. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा. चेहऱ्यावरून टाका नेऊ नका, कडेने फिरवा.

पाय: हे कुठलंच मशीन सांगणार नाही. आपल्याकडे थोरामोठ्यांच्या फोटोला पाय लागलेला चालत नाही. म्हणून आजी-आजोबा उशाकडे, पायथ्याला नुसती नक्षी. गेलेल्या माणसाचा फोटो असेल तर आधी विचारा, "पांघरणार की भिंतीवर लावणार?" या एका प्रश्नाने गिऱ्हाइकाला कळतं की तुम्ही नुसतं शिवत नाही, त्यांचं घर समजून घेताय.

आणि हो, दिलेलं लुगडं पुन्हा मिळणारं नसतं. कात्री लावण्याआधी कुठला भाग कापणार ते दाखवा, लेखी होकार घ्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या. उरलेले तुकडे परत करा.

त्या ताईंनी आता वहीत तास लिहायला सुरुवात केली आहे. तुम्ही पण आजच एक वही घ्या. पहिल्या पानावर गोधडीचं डिझाइन काढू नका, तुमच्या एका तासाची किंमत लिहा. तो आकडा लिहिताना हात थबकला, तर समजा, खरं काम तिथूनच सुरू होतंय.

भेटू पुढच्या व्हिडिओत!