कोंवळ्या हातावरील भार

बेसबॉल या अमेरिकन खेळांत चेंडू फेकणाऱ्या गड्यास 'पिचर' म्हणतात. वारंवार पूर्ण वेगानें चेंडू फेकल्यानें त्याच्या कोंपरांतील अस्थिबंधावर विलक्षण ताण पडतो. तो बंध तुटल्यास शरीराच्या दुसऱ्या भागांतील कंडरा काढून तेथें बसवावी लागते, आणि वर्षभर तरी खेळ बंद राहतो.

वॉशिंग्टन नॅशनल्स संघाच्या स्टीफन स्ट्रासबर्गवर हा प्रसंग २०१० सालीं, बाविशींतच ओढवला. बरा होऊन २०१२ मध्यें तो ऐन भरांत आला, तोंच चालकांनीं आधीं ठरविल्याप्रमाणें सप्टेंबरांतच त्याचा खेळ थांबविला. त्याला स्वतःला तें रुचलें नाहीं. आणि पुढें संघ बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेंत हरला, तेव्हां चालकांवर टीकेची झोड उठली. २०१९ सालीं त्याच संघानें 'वर्ल्ड सीरीज' जिंकली व तींत सर्वोत्तम खेळाडू ठरला तो स्ट्रासबर्गच! परंतु त्यानंतर दुखण्यांमुळें त्याला अवघे आठ सामने खेळतां आले, व २०२४ मध्यें त्यानें निवृत्ति पत्करली.

मग ती जपणूक व्यर्थ गेली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. काळजी घेतल्यानें अपाय टळतोच असें नाहीं. परंतु उमेदीचा मुलगा आपण होऊन 'पुरे' म्हणत नसतो, तें वडीलधाऱ्यांनींच म्हणावें लागतें. अकरा-बारा वर्षांच्या मुलानें दिवसांत ८५ हून अधिक चेंडू फेकूं नयेत, असें अमेरिकेंतील 'पिच स्मार्ट' ही नियमावली सांगते. ते मोजण्यास मात्र मैदानाच्या कडेला कोणी शहाणें माणूस बसलेलें हवें.