जुन्या रायफलीचा आधीचा मालक

माझा थोरला मावसभाऊ गेली पंचवीस वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. मी त्याला भाई म्हणतो, तो मला मास्तर. मागच्या हिवाळ्यात त्याने व्हॉट्सअॅपवर एका रायफलीचे आठ-दहा फोटो पाठवले आणि खाली लिहिले, "मास्तर, लिलावात निघाली आहे. जर्मन. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. घेऊ का?"

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बंदुकीशी माझा संबंध आमच्या नानांच्या एकनळीपुरता. भातात रानडुकरं शिरली की नाना ती खुंटीवरून काढायचे. नाना गेले, बंदूक जिल्ह्याच्या ठिकाणी एका परवानाधारक दुकानात जमा झाली आणि परत आणायला कोणी गेले नाही. भाई मला विचारतो तो माझ्या ज्ञानासाठी नव्हे. ती एकनळी आम्हा दोघांनाच आठवते, म्हणून विचारतो.

आधीच सांगतो, हा लेख शिकारीची जाहिरात नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला आणि ते योग्यच झाले. इंग्लंडची गोष्ट वेगळी आहे. तिथले लांडगे काही शतकांपूर्वीच संपले, त्यामुळे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला माणसाशिवाय कोणी उरलेले नाही. कायद्याने ठरवलेल्या हंगामात ती मारली जातात आणि खाल्ली जातात. रायफल घेण्याआधी पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. कोणत्या मापाची हवी आणि कशासाठी, हे त्यांना पटवून द्यावे लागते.

भाई हलाल-हरामचा काटेकोर माणूस. 'बंदूक' हा शब्द अरबी 'बुंदुक'वरून आला. बुंदुक म्हणजे टणक कवचाचे एक गोल फळ, त्यावरून गोफणीतून किंवा धनुकलीतून मारायची मातीची गोळी, आणि पुढे तिच्यावरून हे हत्यार. अशा गोळीने मेलेला प्राणी धारेने नव्हे तर आघाताने मेला, म्हणून तो खाण्यास योग्य नाही, असे जुने फकीह म्हणत. आजच्या शिशाच्या गोळीला तोच नियम लावावा की नाही, यावर आलिमांत मतभेद आहेत. भाई सावध बाजू धरतो. हरीण पडले की जीव असेपर्यंत सुरी घेऊन धावतो.

तर ती रायफल. फोटो पाहून मी चार रात्री वाचत बसलो. मास्तर माणसाचा दुसरा इलाज काय?

युरोपातल्या जुन्या बोल्टच्या शिकारी रायफलींची दोन मोठी घराणी. एक जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझरचे. १८९८ मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारलेली त्यांची रचना इतकी पक्की होती की पुढे जगातल्या असंख्य रायफली तिच्यावरच बेतल्या गेल्या. बोल्टच्या कडेचा लांब पोलादी पंजा काडतूस पेटीतून निघताच पकडतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली लंडनच्या रिग्बी कंपनीची रायफलही याच रचनेची. दुसरे घराणे ऑस्ट्रियातल्या स्टायर गावच्या मानलिखर-शोनाउअरचे. त्यांची काडतुसे आत एका फिरत्या चक्रीवर बसतात आणि बोल्ट लोण्यासारखा सरकतो. त्यांच्या आखूड कारबाइनीचा लाकडी दस्ता नळीच्या तोंडापर्यंत जातो. हेमिंग्वेने १९३६ च्या एका प्रसिद्ध कथेत अशीच एक मानलिखर एका बाईच्या हाती दिली आहे.

घेणाऱ्याने काय पाहावे, यावर जाणकारांचे बहुतेक एकमत आहे. पहिले, नळी. पूर्वीच्या काडतुसांच्या टोपीतले क्षार नळीत राहून ओल धरत. बाहेरून चकचकीत दिसणारी रायफल आतून गंजाने खाल्लेली असू शकते, म्हणून आतले आटे उजेडात बघायचे. दुसरे, क्रमांक. बोल्टवरचा आणि नळीवरचा आकडा जुळला पाहिजे. तिसरे, कोणी मध्येच 'सुधारणा' केली आहे का. दुर्बीण बसवायला नंतर पाडलेली भोके, कापलेला दस्ता, पुन्हा दिलेले काळे पाणी, या सगळ्याने किंमत उतरते. जर्मन रायफलीवरची दुर्बीण नख्यांसारख्या पकडींत बसते आणि त्या पकडी कारागिराने त्याच एका रायफलीसाठी हाताने घासलेल्या असतात. दुर्बीण हरवली तर दुसरी सहजी बसत नाही.

चौथी गोष्ट मला फार आवडली, कारण ती लिपीची आहे. नळीवर दाबचाचणीचे शिक्के असतात. जुन्या जर्मन रायफलींवर मुकुटाखाली बी, यू, जी ही अक्षरे, बऱ्याचदा चाचणीचा महिना आणि वर्षही. भाईच्या फोटोत '८ × ५७' च्या पुढे एक अक्षर होते. तो म्हणाला, जे. जगभर तसेच म्हणतात. पण ते मुळात 'आय' आहे, इन्फंटेरीचा, म्हणजे पायदळाचा. जुन्या जर्मन वळणात मोठा आय जेसारखा दिसतो. पुढे १९०५ मध्ये सैन्याने थोडी जाड, टोकदार गोळी आणली. तिच्या नावात एस वाढला. काडतूस बाहेरून तेच, जुन्या रायफलीत बसतेही, पण गोळी एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त जाड. अरुंद जुन्या नळीत ती मारली तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो. माझ्या वर्गातली मुले नुक्ता विसरतात तेव्हा मी ओरडतो. आता त्यांना सांगायला एक उदाहरण मिळाले, की एक अक्षर न वाचल्याने तोंडासमोर पोलाद फुटू शकते.

हे सगळे मी भाईला कळवले. तो खूश झाला. तोवर माझी नजर शिक्क्याच्या तारखेवर स्थिरावली होती. १९३० च्या दशकातली रायफल. मग पाचवा प्रश्न मनात आला. खरेदीच्या सल्ल्यांत मला तो फारसा कुठे सापडला नाही. ही रायफल तिच्या पहिल्या घरातून बाहेर कशी पडली?

११ नोव्हेंबर १९३८ रोजी जर्मन सरकारने फर्मान काढले. ज्यूंनी हत्यार बाळगायचे नाही. असेल ते ताबडतोब पोलिसांकडे जमा करायचे, भरपाई मिळणार नाही. त्याच्या एक-दोन दिवस आधीच त्यांची प्रार्थनास्थळे जाळली गेली होती, दुकाने फुटली होती. रविवारी रानात जाणारा कोणी डॉक्टर, कोणी व्यापारी आपली रायफल घेऊन पोलिस ठाण्यात गेला असेल. मग १९४५ मध्ये जर्मनी हरली आणि दोस्त सैन्याने सगळ्याच नागरिकांची हत्यारे गोळा केली. त्यातल्या कितीतरी सैनिकांच्या सामानातून आठवण म्हणून घरी गेल्या.

मी भाईला लिहिले, "विचार, ती कोणाची होती." त्याने विचारले. लिलाववाल्यांचे उत्तर आले, पूर्वेतिहास उपलब्ध नाही. भाईने फोन केला. म्हणाला, "मास्तर, नव्वद वर्षांपूर्वीची वस्तू. कागद कुठून आणणार? आपल्या घराचा तरी सगळा कागद आहे का आपल्याकडे?"

हा टोला बरोबर बसला. कागद नाही म्हणजे काहीतरी काळेबेरे आहे, हा न्याय आपल्याला स्वतःला लावलेला अजिबात आवडत नाही. आजोबांच्या जन्माचा दाखला शोधत तहसीलच्या पायऱ्या झिजवलेली माणसे माझ्या मोहल्ल्यात आहेत. मग मीच एका रायफलीकडे कागद मागत होतो, हे कसे?

दोन दिवस विचार केला आणि माझ्यापुरते उत्तर सापडले. ज्याच्याकडून हिरावले जाण्याची भीती आहे, त्याच्याकडे कागद मागणे आणि जो नफ्यासाठी विकतो आहे, त्याला 'कोठून आणले?' विचारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात दुबळ्यावर संशय आहे. दुसऱ्यात, कदाचित लुटल्या गेलेल्या एका दुबळ्याची बाजू घेणे आहे, तो आज बोलायला हजर नसला तरी. हिसकावलेला माल दहा हातांतून फिरला म्हणून मूळ मालकाचा हक्क सरत नाही, हे आपल्याला मदरशात शिकवले जाते. दहाव्या हाताला माहीत नसेल तर त्याच्यावर गुन्हा नाही. पण ज्याच्या मनात शंका आली, त्याने विचारायचे की नाही?

त्या काळातली प्रत्येक जर्मन रायफल लुटीची, असे मी म्हणत नाही. हजारो रायफली रीतसर विकल्या गेल्या, वारशाने मुलांकडे आल्या. कागद नसणे हा चोरीचा पुरावा नव्हे. माझे म्हणणे एवढेच की नळी, क्रमांक, शिक्के आणि पकडी तपासायला आपण भिंग घेऊन बसतो, तर पाचवा प्रश्नही त्याच यादीत असावा. विक्रेत्याने शोधायचा प्रयत्न केला, कोणत्या घरातून आली एवढे तरी सांगितले, तर ठीक. प्रश्न विचारल्यावरच तो नाराज झाला, तर वस्तू कितीही देखणी असो, हात आखडावा. इतक्या देखण्या वस्तूचा इतिहास कोणीच विचारू नये असे वाटणे, हीच मला धोक्याची खूण वाटते.

भाईने ती रायफल सोडली. माझ्यावर आठवडाभर रागावलाही होता. मग एका वृद्ध शिकाऱ्याच्या मुलीकडून त्याने एक मानलिखर घेतली. बापाने ती नवी असताना विकत घेतली होती आणि पावती डब्यात जपून ठेवली होती. दस्त्यावर ओरखडे आहेत, नळी स्वच्छ आहे. भाईने त्या बाईला विचारले, वडिलांची आठवण म्हणून ठेवायची नाही का? ती म्हणाली, वापरणाऱ्याकडे गेलेली बरी.

हे ऐकून मला नानांची एकनळी आठवली. ती आज कोणाकडे असेल, ठाऊक नाही. ज्याच्याकडे असेल त्याने कधी विचारले असेल का, ही कोणाची होती? उन्हाळ्याच्या सुट्टीत जिल्ह्याला जाऊन ते दुकान अजून आहे का, हे बघायचे ठरवले आहे. बंदूक नको आहे मला. रजिस्टरात नानांचे नाव आहे का, तेवढे पाहायचे आहे.