किती दुखलं होतं?

मला चौदाव्या वर्षापासून संधिवात आहे. ‘एवढ्या लहान वयात?’ हा प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. तो मला खानापूरच्या बसमध्ये, लग्नाच्या मांडवात आणि आपल्या वर्गातही विचारून झाला आहे. होय, सोळा वर्षांच्या आतल्या मुलांनाही संधिवात होतो. पण आज लिहायचे आहे ते दुखण्याविषयी नव्हे, दुखणे आठवण्याविषयी.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी विचारले, “महिन्याभरात किती दिवस दुखलं?” मी बेधडक सांगितले, “रोज.” त्या महिन्यात मी रोज रात्री एका वहीत शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा लिहीत होते. घरी येऊन वही उघडली, तर अकरा दिवसांपुढे शून्य! म्हणजे मी डॉक्टरांशी खोटे बोलले? ते मनाला फार लागून राहिले. आई म्हणाली, “अगं, त्या आठवड्यात तुला ब्रशसुद्धा धरता येत नव्हता. ते कसं विसरशील?” तिच्याही लक्षात तेवढाच एक आठवडा राहिला होता.

याचा उलगडा पुढे वाचनातून झाला. डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ सालचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांनी एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात साठ सेकंद हात बुडवून धरला. दुसऱ्या वेळी तेच साठ सेकंद, आणि वर आणखी तीस. मात्र त्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू एक अंशाने कोमट केले. यातले कोणते पुन्हा कराल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास पत्करला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. आपली स्मृती दुखण्याच्या तासांची बेरीज करीत नाही; तीव्र क्षण आणि शेवट एवढेच ती धरून ठेवते.

कॅनडातील मेलनी नोएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली मुलांवर असाच गार पाण्याचा प्रयोग केला. पुढच्या वेळी मूल किती दुखले म्हणून सांगेल, याचा अंदाज त्याने पहिल्या वेळी सांगितलेल्या आकड्यापेक्षा त्याच्या आठवणीवरून अधिक चांगला बांधता आला. ती मुले निरोगी होती. त्यांचा हात पाण्याबाहेर आला की दुखणे संपत होते. ज्याचे दुखणे संपतच नाही, त्याच्या आठवणीला शेवट कुठला? मागचा ठणका मी बहुधा नव्या ठणक्यातच आठवत असते.

म्हणून ‘ही वाढवून सांगते’ असे म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. “परवा तर जिना चांगला उतरत होतीस,” असे एक सर रजेच्या अर्जावर सही करताना म्हणाले. उतरत होते, सर. त्या दिवशी वहीत शून्यच आहे. पण आठवण चुकली म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. उलट त्या आठवणीच्या धाकानेच मी पुढच्या आठवड्यात सहलीला जात नाही, प्रयोगशाळेत मागचे बाक धरते.

घरच्यांविषयीही थोडे बोलायला हवे. माझ्या पहिल्या इंजेक्शनची गोष्ट आई प्रत्येक पाहुण्यासमोर सांगते. त्या गोष्टीत मी नेहमी किंचाळत असते. तिसऱ्या वेळी मी आपण होऊन हात पुढे केला होता, हे त्यात कधीच येत नाही. इतके, की मी स्वतःही ते विसरून गेले होते. शस्त्रक्रियेनंतर आईवडील मुलांशी त्याविषयी कसे बोलतात, यावर मुलांची आठवण हलकी होते की जड होते, असे नोएल यांच्याच पुढच्या संशोधनात दिसले आहे. मी हे आईला वाचून दाखवले. ती गप्प बसली, पण गेल्या महिन्यात मावशी आली तेव्हा गोष्टीत तिसरे इंजेक्शन आले.

वहीत आता आकड्याशेजारी शब्दही असतात: ठणका, सणक, चमक, ठसठस. कन्नड विभागातली माझी मैत्रीण अर्धशिशीने बेजार असते. तिनेही वही घातली आहे. तिच्या वहीत ‘नोवु’ आहे.

परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून यंदा अर्ज केला. त्यात ‘गेल्या वर्षात झालेला त्रास’ असा एक रकाना होता, जेमतेम दोन ओळींचा. मी त्यात एवढेच लिहिले: वही सोबत जोडली आहे.